वीज वाचवायची की विजेवर यायचे? वितरण कंपनीच्या बचत कार्यक्रमांचा पुढचा टप्पा

वितरण कंपनीच्या मागणी व्यवस्थापन कक्षात, म्हणजे रोजच्या भाषेत डीएसएम सेलमध्ये, नुकत्याच रुजू झालेल्या एका तरुण अभियंत्याने विचारले आहे: "वीस वर्षे आपण लोकांना वीज कमी वापरा असे सांगत आलो. आता स्कूटर विजेची, शेगडी विजेची, गीझर विजेचा असे सांगायचे. मग बचतीच्या योजना बंद करायच्या का? आणि डीकार्बनायझेशन म्हणजे कार्यक्रमात नेमके काय बदलायचे?"

योजना बंद करायच्या नाहीत. डीकार्बनायझेशन म्हणजे ऊर्जावापरातून होणारे कार्बनचे उत्सर्जन कमी करणे, आणि त्यासाठी बदलायचे आहे ते मोजमाप. आजवर प्रत्येक अहवालाच्या शेवटच्या रकान्यात "वाचलेली युनिट" असत. त्या जागी "टळलेला कार्बन" आला, तर जुन्या काही योजनांची किंमत वाढते, काहींची घटते आणि काही अगदी उलट्या होतात. हे का घडते ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळले नाही तर नवा रकाना नुसता शोभेचा राहील.

सुरुवात आपल्याच राज्यापासून करू. जून 2005 मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण झाली, आणि ती जन्मली तीच भारनियमनाच्या काळात. तेव्हा बचतीचा अर्थ सरळ होता: मेगावॅट कमी पडत आहेत, मागणी खाली आणा. नाशिकमध्ये सीएफएल वाटपाचा प्रायोगिक कार्यक्रम झाला तो याच काळात. गावठाण फीडर (गावातल्या घरांना वीज नेणाऱ्या वाहिन्या) शेतीपासून वेगळे झाले, सिंगल फेजिंग (घरातले दिवे चालतील पण थ्री फेजचे पंप चालणार नाहीत असा पुरवठा) आले, आणि अक्षय प्रकाश योजना आली. ही योजना आज फार थोड्यांना आठवते, पण माझ्या मते ती तुमच्या प्रश्नाच्या सर्वात जवळची आहे. गावाने एकत्र येऊन लिहून द्यायचे की संध्याकाळी पंप चालवणार नाही, आकडे टाकणार नाही. बदल्यात घरात संध्याकाळचा उजेड मिळेल. इथे "किती" वापरायचे यावर करार नव्हता, "केव्हा" वापरायचे यावर होता. स्मार्ट मीटर नाही, ॲप नाही. गावाने शब्द दिला आणि फीडरवरचा अँपिअरचा आकडा पाहून तो पाळला जातोय की नाही ते कळत होते. आज वेळेनुसार मागणी वळवण्याबद्दल एवढी चर्चा होते, पण खेड्यातल्या माणसाला हा हिशोब तेव्हाच पटला होता. कारण त्याला बदल्यात काय मिळते ते दिसत होते.

देशपातळीवर ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, ऊर्जा कार्यक्षमतेचे काम पाहणारी केंद्राची संस्था बीईई 2002 ची, तारांकित लेबले 2006 पासूनची. 2009 मध्ये बचत लॅम्प योजना आली. साध्या पिवळ्या बल्बच्या भावात, 15 रुपयांना, सीएफएल द्यायचा आणि उरलेला खर्च क्योटो या हवामान करारातल्या कार्बन क्रेडिटमधून, म्हणजे टळलेले उत्सर्जन बाजारात विकून, भरून काढायचा, अशी ती रचना. म्हणजे कार्बनचा हिशोब आपल्या बचत कार्यक्रमात तेव्हाच शिरला होता. पण तो पैसे उभे करण्याचे साधन म्हणून शिरला, ध्येय म्हणून नाही. पुढे जागतिक बाजारात त्या क्रेडिटचा भाव कोसळला आणि योजनेचा कणाच मोडला. म्हणून आजही कुणी कार्बन क्रेडिटच्या उत्पन्नावर संपूर्ण कार्यक्रम बेतून आणला की मी पहिला प्रश्न विचारतो: भाव शून्य झाला तर ही योजना चालेल का? उत्तर "नाही" असेल तर ती मांडणी परत करावी.

2015 च्या उजाला या एलईडी बल्बच्या योजनेने रचनाच बदलली. अनुदान नाही, ईईएसएल या सरकारी ऊर्जा-सेवा कंपनीने एकत्रित खरेदी केली. 2014 मध्ये 310 रुपयांना पडणारा एलईडी बल्ब दोन-तीन वर्षांत 40 रुपयांच्या आत आला आणि देशभरात 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. बल्ब तुम्हाला आता कुठल्याच कार्यक्रमात वाटावे लागणार नाहीत, बाजार ते काम करतो. उजालामधून घ्यायची ती खरेदीची रीत: मोठी ऑर्डर, खुली स्पर्धा, कडक तपासणी, आणि वितरण केंद्रावर मोडका बल्ब बदलून देण्याची हमी. ही रीत पंखे, पंप, हीट पंप अशा पुढच्या प्रत्येक वस्तूला लागू पडते.

आता तुमच्या कक्षाच्या कायदेशीर पायाबद्दल. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2010 मध्ये डीएसएमसाठी दोन विनियम काढले: एक अंमलबजावणीचा आराखडा, दुसरा किफायतशीरपणा तपासण्याचा. त्यामुळे हा खर्च वार्षिक महसुली गरजेत, म्हणजे ज्यावरून वीजदर ठरतात त्या हिशोबात, मांडता येऊ लागला, भार संशोधन आणि पडताळणी बंधनकारक झाली. मुंबईत टाटा पॉवरसारख्या कंपन्यांनी जुने पंखे, एसी, फ्रिज बदलून देण्याच्या योजना या चौकटीत चालवल्या. पण त्या चौकटीचा विचार असा: एक युनिट वाचले तर कंपनीचा वीजखरेदीचा किती खर्च टळला? हा प्रश्न वीज महाग असताना योग्यच होता. आज तो अपुरा पडतो, कारण दुपारी बाराचे युनिट आणि रात्री आठचे युनिट यांच्यात आता जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पैशातही आणि कोळशातही.

इथे जरा थांबतो, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा, म्हणजे देशभरच्या वीजजाळ्याचा, सरासरी उत्सर्जन गुणांक जाहीर करते. तो सध्या युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड आहे. 2013 च्या अखेरीपासून देशाचा ग्रिड एकच असल्याने आकडाही देशाचा एकच. आता हा आकडा घेऊन तीन वस्तूंचे गणित करू. गणित माझे, ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवते.

विजेची स्कूटर किलोमीटरला 30 ते 35 वॅट-तास घेते. तारांमधली गळती धरली तरी किलोमीटरमागे 25 ग्रॅमच्या आसपास उत्सर्जन. पेट्रोलची स्कूटर 45-50 किलोमीटरचा ॲव्हरेज देत असेल तर साधारण 50 ग्रॅम. म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवरसुद्धा निम्मे. स्कूटरला प्रोत्साहन देताना मनात किंतू नको.

गीझर घ्या. चार माणसांच्या घराचे 80 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला जवळजवळ अडीच युनिट लागतात. कॉइलचा गीझर ते सगळे ग्रिडमधून ओढतो, म्हणजे सकाळी-सकाळी पावणेदोन किलो कार्बन डायऑक्साइड. गॅस गीझर तेच काम पाऊण किलोच्या आत करतो. म्हणजे गॅस गीझर काढून कॉइलचा बसवा असे आज सांगणे चूक ठरेल. हीट पंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता टाकीत ढकलतो आणि तेच पाणी 0.8 युनिटमध्ये तापवतो. गॅसच्या बरोबरीला येतो, किंचित खालीच. शिवाय त्याला टाकी असते. पाणी दुपारी दोनला तापवून ठेवा, सौर वीज वापरा, सकाळी अंघोळ करा.

तिसरी शेगडी. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर जळला की 42-43 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायचा तर 130 युनिट लागतील, म्हणजे सरासरी गुणांकाने 90 किलोच्या पुढे, दुपटीहून जास्त. पण तोच स्वयंपाक सौर विजेवर झाला तर जवळपास शून्य. आपल्याकडे स्वयंपाक होतो सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सात ते नऊ. सूर्य नेमका तेव्हा उपयोगाचा नसतो. त्यामुळे शाळांचा पोषण आहार, वसतिगृहे, कँटीन, जिथे दुपारी मोठा स्वयंपाक होतो तिथे इंडक्शनचा कार्यक्रम आजच सुरू करावा. घरगुती शेगडीसाठी संध्याकाळची वीज आधी स्वच्छ व्हायला हवी. धुराच्या चुलीवर स्वयंपाक होणाऱ्या घराचा विचार वेगळा. तिथे बाईच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे, तिथे कार्बनचे गणित मांडत बसू नये, जे आधी पोहोचेल ते द्यावे.

वाचलेली युनिट हाच मापदंड ठेवला तर यातली स्कूटर आणि हीट पंप दोन्ही "अपयश" ठरतात, कारण विजेचा वापर वाढतो. पेट्रोल आणि गॅस तुमच्या मीटरवर दिसतच नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या राजधानीला वीज पुरवणाऱ्या सॅक्रामेंटो म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टला, म्हणजे स्मडला, हीच अडचण आली. ही लोकांच्या मालकीची संस्था आहे, 1923 मध्ये मतदानाने स्थापन झालेली. 1989 मध्ये ग्राहकांनी मतदान करून तिची रँचो सेको अणुभट्टी बंद पाडली. 900 मेगावॅटची भट्टी गेली. पुढच्या वर्षी व्यवस्थापक म्हणून आलेल्या एस. डेव्हिड फ्रीमन यांनी बचतीलाच वीजकेंद्र मानून कार्यक्रम उभे केले. जुने फ्रिज परत घेतले, आणि स्थानिक वृक्षसंस्थेबरोबर घरांच्या उन्हाच्या बाजूला झाडे लावायची योजना 1990 मध्ये सुरू केली, जी आजही चालू आहे. सावली पडली की एसी कमी चालतो, इतका साधा विचार. तीस वर्षे अशी युनिट वाचवल्यावर 2020 मध्ये त्यांनी बचतीचे उद्दिष्टच युनिटऐवजी टळलेल्या कार्बनमध्ये मोजायला घेतले. असे करणारी अमेरिकेतली ती पहिली वीजकंपनी. घर तापवणारी गॅसची भट्टी काढून हीट पंप बसवणारे घर त्या दिवसापासून यशाच्या बाजूला मोजले जाऊ लागले. 2021 मध्ये त्यांनी 2030 पर्यंत वीजपुरवठा शून्य कार्बन करण्याचा आराखडा मंजूर केला. आणि संध्याकाळी पाच ते आठची वीज महाग करणारे दर त्याआधीच लागू झाले होते.

त्यांची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही. त्यांच्याकडे जलविद्युत आहे, पवनऊर्जा आहे, ग्रिड आपल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. तिथे गॅसवरून विजेवर आले की लगेच फायदा दिसतो. आपल्याकडे तो फायदा तासावर अवलंबून आहे. स्मडने युनिटवरून कार्बनवर उडी मारली. आपल्याला मधला टप्पा, वेळेचा, वगळता येत नाही.

आपल्या राज्यात हा वेळेचा टप्पा सर्वात जोरात चालू आहे तो शेतीत. महावितरणकडे 45 लाखांहून जास्त कृषिपंप ग्राहक आहेत. त्यांना थ्री फेज वीज वर्षानुवर्षे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळत आली. रात्री दोनला दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, गेलेल्या माणसाला साप, विंचू, जुन्नर-शिरूरकडे बिबट्या. म्हणून मग शेतकरी ऑटोस्विच लावतात, लाईट आली की फीडरवरचे सगळे पंप एकदम सुरू होतात, व्होल्टेज बसते, डीपी (गावातला ट्रान्सफॉर्मर) जळते, मोटर रीवाइंडिंगला जाते, आणि रीवाइंड झालेली मोटर आणखी वीज खाते. मी फीडरचे ऑडिट करत हिंडलो त्या वर्षांत हे चक्र गावोगाव पाहिले. ते तुटावे म्हणून बीईईने कृषी डीएसएमचा देशातला पहिला प्रायोगिक प्रकल्प सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला केला. 2,209 जुने पंप काढून तारांकित पंप बसवले. तो शुद्ध "युनिट वाचवा" काळातला प्रकल्प होता.

2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धी हे तिच्या पहिल्या ठिकाणांपैकी एक. उपकेंद्राजवळ दोन-पाच मेगावॅटचा सौर प्रकल्प लावायचा, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला द्यायची, आणि शेतकऱ्याला दिवसा वीज. 2023 मधल्या दुसऱ्या टप्प्याचे उद्दिष्ट 16,000 मेगावॅटच्या घरात गेले. त्यातला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ढोंदलगावला 3 मेगावॅटचा सुरू झाला. पॅनेलजवळच पंप, त्यामुळे लांबच्या तारांतली गळती नाही. शेतीचा भार रात्रीतून निघून सूर्याखाली आला. कोळसा टाळणारी एवढी मोठी योजना राज्याच्या इतिहासात झाली नाही असे मी ठामपणे म्हणेन, आणि शेतकऱ्याने ती कार्बनसाठी मागितली नव्हती. त्याला रात्रीची झोप हवी होती.

पण इथे एक चूक डोळ्यांदेखत होते आहे, आणि तुमच्यासारख्या नव्या माणसाने तिच्यावर बोट ठेवावे. सौर प्रकल्प आला की मंगळवेढ्यासारखे पंप बदलण्याचे काम मागे पडते. "वीज सूर्याची आहे, आता कार्यक्षमता कशाला?" असा सूर निघतो. साधा हिशोब पाहा. एखाद्या फीडरला 3 मेगावॅट लागतात. तिथले पंप बदलून वापर तीस टक्के कमी झाला तर दोन मेगावॅटच्या थोडे वर पुरेल. मेगावॅटला चार-पाच एकर जमीन धरली तर चार एकर वाचली, पॅनेलचा खर्च वाचला, आणि ढगाळ दिवशी कोळशावरून घ्यायची वीजही कमी झाली. 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत आहे, त्यामुळे शेतकऱ्याला स्वतःहून पंप बदलण्याचे कारण उरले नाही. ते कारण कंपनीनेच शोधायला हवे, कारण फायदा कंपनीचा आहे. आणि दिवसा भरवशाची वीज मिळाली की पाण्याचा उपसा वाढू शकतो. पंप बदलताना ठिबकची जोड दिली नाही तर कार्बन वाचवता वाचवता विहीर कोरडी करून बसू.

बाकी बचतीच्या योजनांचे पारडेही असेच तासावर वर-खाली होते. 75 वॅटचा जुना पंखा काढून 30 वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) पंखा लावला तर रात्रीच्या दहा तासांत जवळजवळ अर्धे युनिट वाचते. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर 130 युनिटच्या पुढे, म्हणजे नव्वद-पंच्याण्णव किलो कार्बन डायऑक्साइड. रात्रीचे युनिट हे अजून बरीच वर्षे कोळशाचेच राहणार, त्यामुळे पंखा, रस्त्यावरचे दिवे, रात्रभर चालणारा एसी, फ्रिज यांची बचत दिवसेंदिवस अधिक मोलाची होत जाईल. उलट दुपारी एकला ऑफिसचे दिवे कमी करण्याच्या योजनेचे कार्बनमूल्य घटत जाईल. दोन्ही योजना जुन्या अहवालात शेजारी-शेजारी, सारख्याच वजनाने बसलेल्या असतात. नव्या अहवालात तसे चालणार नाही.

दरांनीही कूस बदलली आहे. उद्योगांना वर्षानुवर्षे रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत सवलत होती, कारण रात्री वीज पडून राहायची. 2025 मध्ये आयोगाने ही सवलत सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या सौर तासांकडे वळवली, घरगुती ग्राहकांपर्यंतही ती आणली. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यांच्या हरकती आल्या, आणि त्या समजण्यासारख्या होत्या. भट्टी रात्री विझवता येत नाही. तुमच्या कार्यक्रमाला इथेच काम आहे. ज्यांना भार हलवता येतो त्यांना हलवायला मदत करा: शीतगृहे, बर्फाचे कारखाने, नगरपालिकेचे पाणीपुरवठा पंप, पिठाच्या गिरण्या, दूध शीतकरण केंद्रे. यांच्याकडे साठवण आधीच आहे, फक्त ती बर्फाच्या, पाण्याच्या, पिठाच्या रूपात आहे. पाण्याची टाकी ही बॅटरीच आहे, आणि ती नगरपालिकेने आधीच बांधलेली आहे.

घरांवरच्या सौर पॅनेलबद्दल थोडक्यात. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळते, योजना चांगली आहे. पण नेट मीटरिंगमध्ये दुपारी दिलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट सारखेच वजा होते, त्यामुळे "बिल शून्य" झालेल्या घरात रात्री एसी निर्धास्त चालतो आणि तो चालतो कोळशावर. पॅनेल मंजूर करतानाच त्या घराला पंखे आणि एसी बदलण्याची योजना जोडा. भाड्याच्या घरात, चाळीत राहणाऱ्यांना तर पॅनेल लावताच येत नाही. त्यांच्यासाठी पंखा हाच कार्यक्रम.

एक धोका स्पष्ट सांगतो. बचतीने कंपनीचा महसूल घटतो, म्हणून कंपन्यांच्या वित्त विभागाला डीएसएम कधीच मनापासून आवडले नाही. विद्युतीकरणाने महसूल वाढतो. त्यामुळे "डीकार्बनायझेशन" या नावाखाली निव्वळ वीजविक्री वाढवण्याच्या योजना तुमच्या टेबलावर येतील. कॉइलच्या गीझरवर सवलत, ही तशीच एक. एकदा माझ्यापुढे असा प्रस्ताव आला होता आणि त्यात कार्बनचा आकडा चक्क वार्षिक सरासरीनेसुद्धा काढलेला नव्हता. अशा वेळी हातात नियम हवा: भार वाढवणारी कुठलीही योजना तासवार कार्बनच्या कसोटीवर उतरल्याशिवाय मंजूर नाही, आणि पडताळणी जुन्या बचत योजनांइतकीच कडक. देशपातळीवरही हाच प्रवास चालू आहे. मोठ्या उद्योगांसाठी 2012 पासूनची पॅट योजना उत्पादनामागची ऊर्जा मोजत होती; 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर आलेली कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना उत्पादनामागचे उत्सर्जन मोजते. वितरण कंपन्यांच्या किफायतशीरपणाच्या कसोटीतही तसा बदल व्हावा म्हणून आयोगापुढे मांडणी करायला आता आधार आहे.

पहिल्या तीन महिन्यांत काय करावे असे विचाराल तर नवी योजना आखू नका. तुमच्या भागातले पाच फीडर निवडा: एक गावठाणाचा, एक शेतीचा, एक जुन्या शहरातला, एक नव्या सोसायट्यांचा, एक औद्योगिक. प्रत्येकाचा वर्षभराचा भार काढा, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 ब्लॉक. त्यावर त्याच ब्लॉकमध्ये कंपनीने वीज कुठून घेतली ते ठेवा; ही माहिती भार प्रेषण केंद्राच्या, म्हणजे कोणत्या वीजकेंद्राने केव्हा किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या केंद्राच्या, वेळापत्रकात असतेच. मग जुन्या योजना एकेक करून त्या आलेखावर ठेवून पाहा, कुठली कुठल्या तासाला लागते. आणि शेतीच्या फीडरवर स्वतः जाऊन या, शक्यतो रात्रपाळीला. लाइनमनला सोबत घ्या. कुठल्या डीपीवर किती पंप खरे पाच एचपीचे आहेत आणि किती कागदावर पाचचे पण प्रत्यक्षात साडेसातचे आहेत, हे त्याच्याइतके कुठल्याच मीटरला माहीत नसते.